एकलीचा फोटो

आमच्या दिंडीत पहाटे साडेतीनला शिट्टी वाजायची. त्याआधीच बायका उठलेल्या असायच्या, टँकरच्या तोटीखाली अंधारात अंघोळी चाललेल्या. पाच वाजता तंबू गुंडाळून ट्रकवर चढलेले. मी भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणामुक्कामाचे पैसे, भरून तुकोबांच्या पालखीबरोबर निघाले होते. कॅमेरा सोबत होता. एकच बॉडी, ३५ची एकच लेन्स आणि पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी.

गेली काही वर्षं मी देवळांचे आणि लेण्यांचे फोटो काढते आहे. त्यातही ओढ आहे ती जिथे दोन्ही एकाच कातळाला धरून आहेत अशा जागांची. लेण्याद्रीचा गिरिजात्मज बौद्ध लेण्यात बसला आहे. कार्ल्याला चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनालेण्याच्या, तोंडाशीच एकवीरा आहे, आणि आईच्या दर्शनाला आलेल्या कोळी बायका चैत्याच्या सिंहस्तंभापाशी सावलीला टेकतात. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी देहूहून भंडारा डोंगरावर गेले. तुकोबा जिथे एकांताला बसत तिथेही जुनी बौद्ध लेणी आहेत. आत ओल होती, अंधार होता. एक म्हातारा वारकरी भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसला होता. मी फोटो न काढता बराच वेळ दाराशी उभी राहिले.

कार्ल्याला मी चारपाच वेळा गेले ती मुख्यतः कोरीव लेखांसाठी. चैत्यगृह बघायला सगळेच जातात, छताच्या दोन हजार वर्षं टिकलेल्या लाकडी फासळ्या बघून थक्क होतात. मी खांबांवरची आणि दारावरची ब्राह्मी अक्षरं टिपत बसायची. धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी वस्तू विकणाऱ्याने, दाराचं दान दिलं. सामी नावाच्या सुताराने दार घडवलं. कुणी एक खांब दिला. नाव, गाव, धंदा, काय दिलं ते. बस्स, एवढंच कोरलेलं. ती अक्षरं तिरप्या उन्हात उठून दिसतात, म्हणून मी सकाळपासून ऊन फिरण्याची वाट बघत थांबायची.

वारीत दिवस एकमेकांत मिसळून जातात. आकुर्डी, पुणे, लोणी. पुण्यात निवडुंग्या विठोबाला गर्दीत फक्त दिवे दिसले. यवतला पिठलं-भाकरी खाल्ली, ती चव अजून जिभेवर आहे. हरिपाठ रोज व्हायचा, पण कुठल्या मुक्कामावर कुणी म्हटला ते आठवत नाही. आठवतो तो कर्ण्यांचा त्रास. रस्त्याच्या कडेला प्रत्येक मंडपात स्वागताचा माइक, आणि त्या आवाजात आपल्याच दिंडीचा पखवाज ऐकू येईना. सगळ्यात जास्त संताप झाला एका पहाटे. टँकरपाशी बायका अंघोळी करत होत्या आणि दोन तरुण मोबाइल धरून ‘वारीचे फोटो’ काढत होते. मी ओरडले, त्यांना ते पुसायला लावले. ते म्हणाले, तुमच्याही गळ्यात कॅमेरा आहेच की. त्या दिवशी मी तो पिशवीतून बाहेर काढला नाही.

वरवंडहून निघाल्यावर रोटी घाट. पाऊस मागेच राहिला होता. डांबर तापलेलं, आणि माझ्या डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड आलेला. रथाला जादा बैल जोडले होते, पुढे ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा गजर वर चढत होता. सगळे त्या गजराने ओढले जात होते आणि मी कडेला होत चालले होते. खरं सांगायचं तर त्या वेळी मला टाळांचासुद्धा राग आला. घाट चढून गेल्यावर एका बाभळीखाली बसले आणि रडले.

शेजारी एक आजी येऊन बसली. तिने विचारलं काहीच नाही, माझ्या पायाकडे बघितलं.

“बूट काढ.”

“नको आजी, राहू द्या. जाईल आपोआप.”

“काढ म्हनते नव्हं. पायाची लाज कसली?”

तिने कमरेची चंची सोडली. चंचीच्या आतल्या कापडात सुई टोचून ठेवलेली होती, तिला पांढरा दोरा गुंडाळलेला. काडी ओढून तिने सुईचं टोक ज्योतीवर धरलं, पदराने पुसलं. दोरा ओवून तो खोबरेल तेलात बुडवला. मग माझा पाय उचलून मांडीवर घेतला. मी मागे ओढला. सत्तरीच्या बाईच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा? “वारीत कुनाचा पाय कुनाचा नसतो,” म्हणाली, आणि घट्ट धरला. सुई फोडाच्या एका कडेने आत गेली, दुसऱ्या कडेने बाहेर आली, दुखलं नाही. दोऱ्याची दोन्ही टोकं तिने बोटभर लोंबती ठेवून तोडली. दोऱ्यावरून पाणी थेंब थेंब बाहेर यायला लागलं. “कातडं सोलू नको. दोरा उद्याच्याला काढ.” मग तिने माझ्याच बाटलीतलं पाणी माझ्या हातात दिलं आणि सगळं प्यायला लावलं.

मी शांत झाले तशी तिची नजर पिशवीकडे गेली.

“ह्याच्यात मानूस येतं, का देवळंच?”

“येतं की.”

“मग माझा एक काढ. एकलीचा.”

ती कळंबकडची होती. घरात तिचा एकच फोटो, नातवाच्या लग्नातला, कडेला उभी आणि अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. “मी गेल्यावर त्योच कापून मोठा करतील. तोंड वळखू यायचं न्हाई.” हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग उठली, हात सरळ खाली सोडले आणि लेन्सकडे थेट बघितलं. हसली नाही. वारं होतं. मी तीन फ्रेम घेतल्या. रथामागचा तिचा दिंडी नंबर विचारून घेतला. ती निघून गेली आणि मी लंगडत उंडवडीला पोचले.

बारामतीत स्टुडिओ शोधून आठ बाय बाराची प्रिंट काढली, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठीशी बांधली. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती धावल्या, परीट मंडळींनी धोतरांच्या पायघड्या घातल्या. बेलवाडीला रिंगण झालं. मी त्या वेळी तिची दिंडी शोधत होते. रोज कुणीतरी सांगायचं, आजी पुढे गेल्या, पहाटेच निघतात. इंदापूरला विणेकरी भेटले, पण ती पाण्याला गेलेली. पाय बरा झाला होता आणि मी चिडचिडी झाले होते. पुठ्ठे घामाने मऊ पडले होते. प्रिंट तिच्या हातात पडेपर्यंत मला भजनात मन लावता येईना.

सराटीला नीरा स्नानाच्या सकाळी ती नदीकाठी सापडली. केस ओले, धुतलेलं लुगडं दोघींनी धरून वाळवत होत्या. तिने प्रिंट दोन्ही हातांत धरली. लांब नेली, जवळ आणली. सोबतच्या बाया गोळा झाल्या. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

“पदर बघ की गं कसा उडालाय. सांगायचं न्हाई मला?”

मी फोटो काढताना तो उडता पदर मला फार आवडला होता. तिला मात्र तो फोटो भिंतीवर लावायचा होता. मी म्हटलं, पुन्हा काढू. तिने वाळलेलं लुगडं नेसलं, केस विंचरले, एकीकडून बुक्का घेऊन लावला. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन कमरेला खोचला. माळ बाहेर काढली, मधला मणी मधोमध आणला. मग म्हणाली, “आता.” पाठीमागे नदी नको, माणसं नकोत असंही तिनेच सांगितलं. शाळेच्या कोऱ्या भिंतीपाशी उभी राहिली. एकच फ्रेम घेतली.

ती प्रिंट अकलूजला काढली. वाखरीला, सगळ्या पालख्या एकत्र येतात त्या गर्दीत, तिच्या तंबूत जाऊन दिली. या वेळी ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “खाली लिही.”

मी मार्कर काढला. तिने सांगितलं तसं लिहीत गेले. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मग गाव, तालुका. मी टोपण लावणार इतक्यात तिने माझं मनगट धरलं.

“आनि लिही, बावीस वाऱ्या केल्या.”

मी २२ असा आकडा घातला. तिने शेजारणीकडून तो वाचून घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि फोटो हरिपाठाच्या पोथीबरोबर पिशवीत उभा ठेवला.