तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही त्या मिरवणुकांना का जातो

पुण्याहून येणारे पाहुणे विचारतात, इथली मराठी मंडळी विचारतात, माझा मामेभाऊ तर फोटो दिसला की विचारतोच: ब्रिटनच्या राजघराण्याचा सोहळा असला की तुम्ही सगळे निघता, तेही असल्या पावसात, ते का? आजवर मी ‘लेकीला हौस आहे’ म्हणून वेळ मारून नेली. आता लेक मोठी झाली, तिच्या नावावर खपवता येत नाही. म्हणून एकदा नीट सांगते.

आधी पावसाचं. या सोहळ्यांना पाऊस नवा नाही. 2 जून 1953 ला एलिझाबेथच्या राज्याभिषेकालाही तो होता. आमच्या शेजारच्या आजी तेव्हा शाळेत होत्या. टोंगाची राणी सालोटे उघड्या बग्गीत भिजत, हसत, लोकांना हात करत कशी गेली, ते त्या अजून रंगवून सांगतात. 6 मे 2023 ला चार्ल्सच्या वेळीही तेच झालं. ढगांमुळे विमानांची सलामी आखडती घ्यावी लागली, हेलिकॉप्टरं आणि हवाई दलाची कसरतीची विमानं, रेड ॲरोज, एवढीच आली. मे असो की जून, इथल्या आभाळाचा भरवसा नाही. रेनकोट, चहाचा थर्मास, खाली अंथरायला प्लास्टिक आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, एवढं घेतलं की आमचं भागतं. पावसाला आम्ही कधीच कंटाळलो नाही. आणि तुम्हालाही खरं पावसाबद्दल विचारायचं नसतंच. चिंचवडची मुलगी लंडनच्या राणीला हात करते कशी, हे तुम्हाला विचारायचं असतं.

ते माझ्या बाबांनी मला 3 जून 2012 ला विचारलं होतं, एक शब्दही न बोलता.

राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली होती. त्या दिवशी थेम्सवरून सुमारे हजार नौकांची मिरवणूक निघणार होती. बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. त्यांनी यावं असं मी म्हटलं नव्हतं; सात वर्षांच्या नातीने हट्ट धरला म्हणून आले. आदल्या रात्री मात्र त्यांनी मला बसवून सांगितलं होतं, जणू मला ठाऊकच नव्हतं: ब्रिटनच्या गादीवर साठ वर्षं काढणारी याआधीची एकच, व्हिक्टोरिया. तिचा हा सोहळा 22 जून 1897 ला झाला. त्या रात्री गणेशखिंडीत गव्हर्नराच्या बंगल्यावरची मेजवानी आटोपून पुण्याचा प्लेग अधिकारी रँड निघाला आणि चापेकरांनी त्याला गाठून गोळ्या घातल्या. प्लेगच्या नावाखाली सोल्जर घराघरांत घुसत होते, बायकांना रस्त्यावर उभं करत होते, देवघरं उपसत होते. आमच्या घरातल्या एका बाईवरही तो प्रसंग आला होता, बाबांनी तो त्यांच्या आजीकडून ऐकला होता. मी म्हटलं, “बाबा, एकशे पंधरा वर्षं होत आली.” ते म्हणाले, “मला हिशेब येतो.”

लॅम्बेथ पुलाजवळ आम्ही सकाळपासून जागा धरली होती. आधी नुसती भुरभुर होती, दुपारनंतर चांगलाच जोर धरला. बाबांनी छत्री सगळा वेळ नातीच्या डोक्यावर धरली, त्यांची डावी बाजू पार भिजली. सगळ्यांत पुढच्या नावेवर आठ घंटा टांगलेल्या होत्या. त्या वाजत आल्या आणि काठावरच्या चर्चांच्या घंटा त्यांना उत्तर देऊ लागल्या. मग वल्ह्यांच्या होड्या, पुढे सोनेरी ‘ग्लोरियाना’. आणि मग राणीची बोट. ती शहाऐंशी वर्षांची, नवरा नव्वदीचा. बसायला खुर्च्या होत्या तरी दोघं उभीच. माझी लेक उड्या मारत होती. गालांवर झेंडा रंगवलेला, तो ओघळत होता. ती म्हणाली, “आजोबा, हात करा ना!”

बाबांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. “मी नाही करणार, बाळा. तू कर.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. सकाळपासून ज्या बोटीची वाट पाहत ती पावसात उभी होती, ती समोरून गेली आणि तिने हात केलाच नाही.

घरी जाताना ट्रेनमध्ये मी बाबांवर तुटून पडले. लहान मुलीवर कशाला लादता, म्हटलं. तेही म्हणाले, “तिच्या गालावर रंग मी नाही लावला. लादलं कुणी?” रात्री माझ्या मामेभावाने तिच्या फोटोखाली लिहिलं, ‘चापेकरांच्या चिंचवडची ना ही?’ बाबांनी ते वाचलं आणि जेवले नाहीत. ते कुणावर रागावले होते, मला अजून कळलेलं नाही.

आता माझी बाजू. या देशात वर्षानुवर्षं शेजारी राहूनही कुणी कुणाच्या घरात जात नाही. आमची गल्ली गाड्यांना बंद होते, मध्यावर टेबलं लागतात, ते असल्या सोहळ्यालाच. पाऊस आला की एकाच ताडपत्रीखाली सगळे खेटून उभे राहतात, भिजलेल्या सँडविचशेजारी माझी कोथिंबीर वडी संपते आणि एरवी नुसती मान हलवणारा समोरचा माणूस आईच्या आजारपणाचं सांगतो. पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत भर पावसात अनोळखी माणूस तुम्हाला ओढून आडोशाला घेतो, तसंच हे. माणसांसाठी जातो आम्ही, राजासाठी नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आले.

पण ते पुरतं खरं नाही. त्या घंटा पाण्यावरून वाजत आल्या तेव्हा मला रडू आलं. तेव्हा मनात शेजारी नव्हते, रँडही नव्हता. समोर एक म्हातारी बाई आपलं काम म्हणून पावसात उभी होती आणि मला तिच्याबद्दल माया वाटली. ती वाटायला नको होती, असं म्हणायला मी तयार नाही. बाबांनी हात करायला हवा होता, हेही आता म्हणवत नाही. तेव्हा ट्रेनमध्ये म्हणत होते.

8 सप्टेंबर 2022 ला राणी गेली तेव्हा पहिला फोन बाबांचाच आला. “दोन दिवसांपूर्वी नव्या पंतप्रधानांना भेटली होती ना? शेवटपर्यंत कामावर होती,” म्हणाले. आणि लगेच, “म्हणून काही बदलत नाही हं.”

चार्ल्सच्या राज्याभिषेकाला लेक आली नाही. आम्ही दोघंच भिजून आलो. राणी कॅमिलांच्या मुकुटात कोहिनूर नव्हता, यावर तिने ‘मग परत कधी करणार?’ एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, गल्लीत पंगत बसली, तेव्हा टेबलं उचलायला सगळ्यांत पुढे तीच होती. तिला मी थेम्सवरच्या त्या दिवसाचं विचारलं. तिला बोट आठवत नाही. ट्रेनमध्ये आई आणि आजोबा भांडले, ते आठवतं.

पुढच्या सोहळ्यालाही मी जाणार आहे. बाबांना बरोबर चला म्हणणार नाही, लेकीलाही नाही. आणि मामेभावाला एक सांगायचंय: तिच्या फोटोखाली काही लिहू नकोस. तिला मराठी वाचता येतं, मीच शिकवलंय. विचारायचं ते मला विचार.