प्रयोगशाळेमागची काळोखी खोली

फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाला, म्हणजे डेव्हलपरला, 20 अंश सेल्सिअस तापमान मानवतं आणि आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो. पाणी तापलेलं असलं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो, नुसतं नख लागलं तरी ओरखडा उठतो. म्हणून आमच्या चित्रकलेच्या सरांनी फोटोग्राफीचा वर्ग हिवाळ्यातच बसवला होता. दिवाळीची सुट्टी संपली की सुरू, संक्रांत झाली की आवराआवर. शाळेबद्दल लिहा म्हटल्यावर मला स्नेहसंमेलनं नंतर आठवली, आधी आठवली ती सरांची ही आखणी.

विज्ञानाच्या प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली त्यांनी मागून घेतली होती. खिडकीला काळा कागद, त्यावर गोणपाट. दार लावून सर आम्हाला आत नुसतं बसवून ठेवत. डोळे अंधाराला सरावले की पत्र्याच्या भोकातून, कवाडाच्या फटीतून उजेड शिरताना दिसायचा. ज्याला आधी दिसेल त्यानंच ती फट बुजवायची. मग लाल दिव्याची परीक्षा, त्याच्या उजेडानं कागद काळा पडता कामा नये. ब्रोमाइड कागदाच्या, म्हणजे फोटो छापायच्या कागदाच्या, तुकड्यावर नाणं ठेवायचं, पाच मिनिटं दिव्याखाली राहू द्यायचं आणि तुकडा डेव्हलपरमध्ये टाकायचा. नाण्याचा गोल उमटला तर तो दिवा कामाचा नाही. सांगून विश्वास ठेवायला लावण्यापेक्षा करून बघू द्यायचं, ही सरांची रीत.

फिल्मचा डेव्हलपर आम्हीच तोलून बनवायचो. एक लिटर पाण्याला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5, बोरॅक्स 2. क्रम मोडायचा नाही. सगळं सल्फाइट आधी ओतलं तर मेटॉल नीट विरघळत नाही, म्हणून आधी त्याची चिमूटच. हायपो, म्हणजे उमटलेला फोटो पक्का करणारं रसायन, ढवळताना मात्र भांडं हाताला गारेगार लागायचं. असं का, ते सर सांगेनात. रसायनशास्त्राच्या तासाला विचारा म्हणाले. विरघळताना हायपो पाण्यातली उष्णता ओढून घेतो, हे तिथे कळलं ते आजवर विसरलो नाही. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1819 मध्येच नोंदवलं होतं, आणि फोटोग्राफी जगापुढे आली 1839 मध्ये. उत्तर आधी तयार आणि प्रश्न वीस वर्षांनी, ही गोष्ट सर फार रंगवून सांगत.

कॅमेरा लगेच हाती मिळत नसे. आधी कागदावर निंबाची डहाळी, कपाशीचं बोंड ठेवून वरून क्षणभर दिवा लावायचा. खोलीत एका वेळी चौघंच. ट्रेमध्ये पांढऱ्या कागदावर काळं चढत जायचं, मध्ये पानाची पांढरी आकृती राहायची आणि कुणीतरी ओरडायचं, "उनं रे भो, उनं!" म्हणजे आलं रे भाऊ, आलं!

बाहेरच्यांनाही सर रिकामं बसू देत नसत. त्यांच्याकडे धुलाई. वाहतं पाणी आणणार कुठून? बादल्या बदलून धुवायचं. शेवटच्या बादलीतलं थोडं पाणी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या जांभळ्या द्रावणात टाकायचं. रंग उडाला तर हायपो अजून शिल्लक आहे, पुन्हा धुवा. माझ्याकडचे त्या वेळचे फोटो अजून पिवळे पडलेले नाहीत, ते या बादल्यांमुळे.

पुढे अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा आला. 120 या मापाच्या फिल्म रोलवर बारा फोटो, म्हणून बारा जणांचा गट, प्रत्येकाला एकच फोटो. काय टिपायचं ते आधी वहीत काढून दाखवायचं. फोटो मोठा करून छापणारा एन्लार्जर नव्हता, पण त्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस, कागदाला चिकटवून छापली तरी चेहरा ओळखू येई. "काय काढू?" असं कुणी विचारलं की सर केकी मूस यांचं नाव घेत. चाळीसगावात राहून, घरातल्या टेबलावर देखावे रचून फोटो काढणारा हा कलावंत 1989 मध्ये गेला. त्यांचं घर आता कलादालन आहे. आपल्या मुलांची एक सहल तिकडे जायलाच हवी.

मोबाइलमुळे फोटो काढणं सोपं झालं, पण उजेड, वेळ आणि रसायन यांचा हिशेब त्यात मुलांच्या हाती लागत नाही. म्हणून संस्थेच्या संचालकांना माझी विनंती आहे. ती खोली नववीच्या मुलांसाठी पुन्हा मोकळी करून द्यावी. ट्रे, चिमटे, लाल दिवा आणि पहिल्या वर्षाचा कागद मी देतो. यंदाच्या दिवाळीनंतर दर शनिवारी सकाळी येऊन शिकवायचीही माझी तयारी आहे.