गाडी कामाला काढायचीय

जोतिबाच्या चढाला गाडीनं दुसऱ्या गिअरमध्ये मान टाकली. मागनं दुधाचा टेम्पो येत होता. त्यानं हॉर्न दिला नाही, हेच मला जास्त लागलं. हॉर्न दिला असता तर निदान बरोबरीचं मानल्यासारखं झालं असतं. तो मुकाट्यानं बाजू काढून पुढं गेला, एसटीत म्हाताऱ्याला जागा करून द्यावी तसा. मी सवयीनं एसी बंद केला, पहिला टाकला आणि गाडी गुरगुरत वर चढली. शेजारी काच खाली करत ही म्हणाली, "चढ दिसला की तुमचा हात आधी एसीकडंच जातो."

गाडी तीन सिलिंडरची, आठशे सीसीची. मीटरवर २,१७,००० किलोमीटर. यंदाच तिला पंधरा वर्षं पुरी झाली म्हणून आरटीओत नेऊन पासिंग करून आणली. नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, वर हरित कर. आता पुढची पाच वर्षं सरकारदरबारी तिच्या नावावर काही डाग नाही. सरकारनं पाच वर्षं दिली, तर आपणही काहीतरी घालायला पाहिजे असं मला उगाचच वाटायला लागलं. त्या रात्री जेवणं झाल्यावर मुलाच्या जुन्या वहीचं पान फाडलं आणि वर लिहिलं, 'मोठं ट्यूनिंग'.

हा शब्द अण्णांचा. त्यांची फियाट होती, आणि त्या गाडीला दर काही महिन्यांनी खरोखरच जुळवावं लागायचं. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढायचं, जळलेले पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचे, त्यांच्यातली फट फिलर गेजच्या पातळ पट्टीनं मापायची. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागातली फट. मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा आत, पाव फेरा बाहेर, आणि दर पाव फेऱ्याला थांबून ऐकायचं. अण्णा कोल्हापुरातल्या देवल क्लबात गाणं ऐकायला जायचे. तिथं तानपुरे जुळेपर्यंत जसे डोळे मिटून बसत, तसेच ते उद्यमनगरात उघड्या बॉनेटसमोर स्टुलावर बसत. मी शेजारी उभा. माझं काम पाना हातात देण्याचं, आणि तो दर वेळी चुकीचा देण्याचं.

आताच्या गाडीत यातलं काहीच नाही. पॉइंट गेले, कार्बोरेटर गेला. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे डॅशबोर्डखालची एक डबी ठरवते आणि त्यात ती कुणाचा सल्ला घेत नाही. जुळवायला काही उरलेलंच नाही. उरलंय ते साफ करणं आणि बदलणं. तरी आपण ट्यूनिंगच म्हणतो. गिरणीतनं आणलेल्या पिठालाही आमची आजी जात्याचंच पीठ म्हणायची.

यादी करण्यात एक निराळं सुख असतं. पैसे जात नाहीत आणि काम निम्मं झाल्यासारखं वाटतं. माझी यादी सतरा कलमांची झाली. पहिलं कलम इंजिनाच्या खडखडीचं, कारण ती रोज ऐकू येते. दुसरं गाडी उभी असताना स्टिअरिंगला येणारी थरथर. तिसरं पिकअप. मग एअर फिल्टर, प्लग, फॅन बेल्ट थंडीत सकाळी चिरकतो तो, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधनं पाझरणारं तेल. अकराव्या नंबरला टायमिंग बेल्ट, वायपरच्या रबराच्या जरा वर. सतरावं कलम इंजिन फ्लश. ते मी दोनदा अधोरेखित केलं होतं, कारण आतला पंधरा वर्षांचा मळ धुऊन निघणार ही कल्पनाच फार सात्त्विक वाटली. बेरीज वीस हजारांच्या आसपास गेली. विकायला काढली तर गाडीचे साठ-सत्तर येतील. हा हिशेब मी पानाच्या मागच्या बाजूला केला आणि हिला पुढचीच बाजू दाखवली.

आमचे मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. अण्णांबरोबर अर्ध्या चड्डीत यायचो म्हणून बावन्नाव्या वर्षीही मी त्यांचा 'बाळ' आहे. उद्यमनगरातल्या त्या बोळात एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला वेल्डिंग आणि मध्ये यांचा खड्डा. शेतावरची ऑइल इंजिनं कोल्हापूरनं बनवली ती याच वस्तीत लोखंड ओतून. आता शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतनं कुठल्या कुठल्या गाड्यांची कास्टिंगं जातात. त्यामुळं इथल्या कुठल्याही मिस्त्रीला इंजिन म्हणजे कारखान्यातनं आलेलं काही गूढ वाटत नाही. गल्लीतलंच पोर, जरा शिकून आलेलं, एवढंच.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरनं खाली घेतला आणि यादी वाचली. सगळी. मग म्हणाले, "हे सगळं बदलायचं असलं तर नंबर प्लेट तेवढी ठीव आणि खाली नवी गाडी घाल की."

त्यांचा पोरगा स्कॅनर घेऊन आला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला, पडद्यावर बघितलं, म्हणाला, "एकपण कोड नाही काका. गाडी ओके आहे." गाडी ओके आहे हे ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता, मला अपमान वाटला. मिस्त्री म्हणाले, "त्या डबीला जेवढं कळतंय तेवढं ती सांगती. आधी दम बघू."

दम बघणं म्हणजे कॉम्प्रेशन. हे माझ्या यादीत नव्हतंच, आणि खरं तर यादीच्या आधी तेच हवं होतं. इंजिन गरम केलं. तिन्ही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. पेट्रोलचा पुरवठा आणि ठिणगी दोन्ही बंद केली. प्लगच्या भोकात दाब मोजायचं घड्याळ फिरवून बसवलं. मला म्हणाले, "ॲक्सिलेटर पुरा दाब आणि स्टार्टर मार, मी थांब म्हणेपर्यंत." काटा झटक्याझटक्यानं वर सरकला. पहिला सिलिंडर १६५. दुसरा १६०. तिसऱ्याला १३० वर जाऊन काटा बसला आणि मिस्त्रींनी काही न बोलता घड्याळावर टिचकी मारली. डॉक्टर रक्तदाब दुसऱ्यांदा मोजायला लागला की पोटात जसं होतं, तसं मला झालं.

मग त्यांनी तेलाच्या कॅननं तिसऱ्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं. "आता मार." काटा १५० ला गेला.

"रिंगा थकल्यात," ते म्हणाले. "व्हॉल्व्ह चांगलं हायत." हिशेब सरळ आहे. तेल घातल्यावर पिस्टन आणि सिलिंडरमधली बारीक फट तात्पुरती बुजते. आकडा वाढला तर दाब तिथनं निसटत होता, म्हणजे दोष रिंगांचा. आकडा हललाच नाही तर व्हॉल्व्हमधनं. फडक्यावरचे प्लगही तेच सांगत होते. दोन बिस्किटाच्या रंगाचे, तिसरा काळा आणि तेलकट. तिघांचीही टोकं झिजून गोल झालेली. माझ्या वहीत शेवटचे प्लग १,६०,००० ला बदलल्याची नोंद होती. ती वाचून दाखवली तर मिस्त्री म्हणाले, "लिहून ठिवतोस हे चांगलं. वाचतोस कधी?"

मी भीत भीत विचारलं, इंजिन खोलायचं का? त्यांनी उलट विचारलं, हजारला तेल किती पितीय? पाव लिटरच्या आत. धूर? सकाळी जरासा. "मग ऱ्हाऊ दे. एकदा खोललं की रिंगा घालताना बोअर दिसतो, बोअर केला की पिस्टन आलं, आणि मग बेरिंगं कशाला जुनी ठेवायची म्हणत तू स्वतःच येतोस."

यादीवर आता पेन्सिल फिरायला लागली. फ्लशवर आडवी रेघ, माझ्या दोन्ही अधोरेखांसकट. दोन लाखाच्या इंजिनात मळ जिथं बसलाय तिथं बसू द्यावा. एकदम सुटला तर तेल खेचणाऱ्या जाळीवर जाऊन अडकतो आणि मग धुतलेलं इंजिन तेलावाचून मरतं. ऑक्सिजन सेन्सरवर प्रश्नचिन्ह: आधी प्लग, फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीचा कार्बन होऊ दे, दोन टाक्या जाळ, ॲव्हरेज बघ, मग बोलू. सगळं एकदम बदललं तर कशानं बरं वाटलं ते कळत नाही. थरथरीसाठी त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनावर इथंतिथं टेकवत गेले. इंजिन ज्या रबरांवर टेकतं त्यातलं एक माउंटिंग दबून बसलेलं निघालं. तेवढंच बदलायचं.

पहिल्या कलमाच्या खडखडीवर तर ते हसलेच. टॅपेट वाजतो म्हणजे फट जरा जास्त आहे. वेळ मिळाला की लावून घ्यायचा. भ्यायचं ते न वाजणाऱ्याला. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, अंगातली उष्णता सोडत नाही आणि गुपचूप जळतो.

आणि मग अकराव्या कलमावर ते थांबले. टायमिंग बेल्ट, पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा. "हा कधी बदललाय?" वही सांगत होती ९८,००० ला. पुस्तिकेत दर एक लाखाला म्हणून लिहिलंय. म्हणजे एकोणीस हजार किलोमीटर, त्यात गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून कोकणात दोनदा, मी एका रबराच्या पट्ट्यावर उधारीनं फिरत होतो. साखळी असती तर ढिली झाल्यावर खळखळली असती. पट्टा बोलत नाही. तुटतो त्या क्षणी इंजिन बंद, आणि काही इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो ते वेगळंच. मिस्त्रींनी अकरा खोडून तिथं एक लिहिलं. त्याच्यासोबत टेन्शनर आणि ऑइल सील; पुढचं सगळं उघडलेलंच असतं तर वॉटर पंपही, कारण मजुरी एकच.

दोन नंबरला त्यांनी स्वतःच्या हातानं एक कलम वाढवलं: गिअर ऑइल. इंजिनचं तेल मला पाच हजाराला न चुकता आठवतं. गिअरचं शेवटचं बदललं होतं २०१९ च्या ऑगस्टनंतर. शाहूपुरीत आमच्या गल्लीत गाडीची अर्धी चाकं बुडेपर्यंत पंचगंगा आली होती, म्हणून. पुढचा पूर २०२१ चा. तेव्हा गाडी आधीच उंचावर नेऊन लावली होती, त्यामुळं तेलाची आठवण झाली नाही.

सतराची नऊ झाली. खर्च काही निम्मा झाला नाही, अकरा हजार राहिला.

दिवस ठरवायला आणखी एक चहा लागला. खंडेनवमीला हत्यारं पुजलेली, त्यांना हात लावायचा नाही. दसऱ्याला मिस्त्री दसरा चौकात जाणार. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी सीमोल्लंघनाला येते, ती बघायला ते लहानपणापासून जातात. सोन्याच्या लुटीकडं त्यांचं लक्ष नसतं, ते तिचा आवाज ऐकतात. म्हटलं, तिला बघा, कुणी काढतंय का! ते म्हणाले, "तिला जपायला माणसं हायत. तुझ्या गाडीला तू हायस." यात कौतुक किती ते मी विचारलं नाही. दसऱ्यानंतरचा सोमवार ठरला.

घरी येऊन नवी यादी हिच्यापुढं ठेवली, या वेळी दोन्ही बाजूंनी. तिनं वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "म्हणजे आता जोतिबाला एसी चालू ठेवून जाता येईल?"

मी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. पलीकडं लेथचा आवाज होता, त्यांना दोनदा विचारावं लागलं.

"बाळ," ते म्हणाले, "ते नवी असताना तरी जमत होतं का?"