हँडलवरचं प्लॅस्टिक

शाळेत सायकलींचं काम माझ्याकडे आहे. राज्य सरकारचा मागास तालुक्यांसाठी मानव विकास कार्यक्रम आहे, त्याच्या १२५ तालुक्यांत आमचा तालुका येतो. आठवी ते बारावीच्या ज्या मुलींचं घर शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत आहे, त्यांना सायकलीसाठी पैसे मिळतात, २०२२ पासून ५,००० रुपये. लोकांना वाटतं आम्ही सायकली वाटतो. वाटायचं काही नसतंच. मुलीचं खातं उघडायचं, आधार जोडलं का बघायचं, पहिली रक्कम आली की ती बियाण्यात जायच्या आत वडिलांना दुकानात पाठवायचं, पावती आणायची, मग उरलेली रक्कम. गेल्या वर्षी माझी एकही पावती परत आली नाही, याचा मला अभिमान आहे. पण मुलगी सायकल चालवते का, हे मात्र कुणी विचारत नाही.

नववीतली एक मुलगी सायकल घेऊनही चालत यायची. साडेतीन किलोमीटर. आठवड्यात दोन दिवस यायची, चार दिवस नाही. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्या वस्तीवर गेले. सायकल ओसरीत उभी होती. हँडलवर आणि सीटवर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच.

"पोरीला चालवता येती मॅडम," वडील म्हणाले, "पण पारावरून जावं लागतं."

शाळेकडे येणारा डांबरी रस्ता मारुतीच्या पारासमोरून जातो. सकाळी तिथं पंधरा-वीस माणसं बसलेली असतात. कुणी आडवं येत नाही, वाईट बोलत नाही. तक्रार कशाची करायची? फक्त गिरणीवर कुणीतरी वडिलांना म्हणालं होतं, "लेक आता गावभर फिरायली की." एवढ्यावर सायकल ओसरीत गेली. चालणाऱ्या मुली घोळक्यात असतात, सायकलवरची एकटी दिसते. आणि ज्या दिवशी घोळका नसेल, त्या दिवशी ही घरीच.

मला दुसरा रस्ता माहीत होता. ओढ्याच्या कडेची पाणंद थेट शाळेच्या मागे निघते आणि पार लागतच नाही. भावकीच्या वादात एकानं ती बाभळीच्या काट्या टाकून बंद केलीय. मी तलाठ्याकडे जाऊन गावनकाशा पाहिला होता. त्यात ती दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेली आहे, म्हणजे गाडीवाट. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली असा अडथळा काढायचा अधिकार तहसीलदारांना आहे. दोन रात्री बसून मी अर्ज लिहिला होता, गट नंबरांसकट. आमचे वरिष्ठ म्हणाले, हे शाळेचं काम नाही. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. मुलगी वर्गापर्यंत पोचत नसेल तर फळ्यावर मी काय लिहिते याला काय अर्थ आहे?

वडिलांनी अर्जावर सही केली. मी कागद घडी घालत होते तेवढ्यात चुलीजवळून मुलगी म्हणाली, "मॅडम, पाणंदीत ओरडलं तर कुणाला ऐकू येईल?"

मला उत्तर देता आलं नाही. नकाशा पाहिला, कायदा शोधला, चिखल किती होतो तेही विचारलं. तिला विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी स्कूटी घेऊन वस्तीवर गेले. ती पुढे सायकलवर, मी मागे. पार आला तसं बोलणं थांबलं. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कुणाची गं तू?" तिनं वेग कमी न करता वडिलांचं नाव सांगितलं आणि पुढे गेली. तिचे खांदे कानाला लागले होते, ते मला मागून दिसत होतं. शाळेच्या फाटकात उतरल्यावर तिनं आधी हँडलवरचं प्लॅस्टिक ओढून काढलं.

त्या आठवड्यात ती चार दिवस सायकलवर आली. गुरुवारी मला तालुक्याला बैठक होती, म्हणून मी गेले नाही. गुरुवारी ती आली नाही.

शुक्रवारी मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. आता आमच्याच शाळेतल्या, त्याच रस्त्यानं येणाऱ्या आणखी तिघींच्या घरी मी जाऊन आलेय. चौघी एकत्र निघाल्या तर मागे माझी स्कूटी लागणार नाही, असं वाटतं. दोन घरांनी हो म्हटलंय. तिसऱ्या घरी सायकल भाऊ कामाला नेतो.

सही केलेला अर्ज अजून माझ्या पर्समध्येच आहे.