सुहा, शेवटी ‘स’ नाही

अर्थ काय, कुठल्या भाषेतलं, आणि कधी ऐकलं कसं नाही? माझ्या नावाबद्दलचे हे तीन प्रश्न इतक्यांदा विचारून झालेत की उत्तर देताना माझं मलाच लक्ष नसतं. अलीकडे त्यात चौथा आला आहे: आमच्या मुलीसाठी ठेवू का? या चौथ्यामुळे नीट लिहायला बसले. स्वतःचं नाव निभावून नेणं वेगळं आणि दुसऱ्याच्या लेकीच्या गळ्यात घालणं वेगळं.

आधी जे नाही ते. सुहा हे सुहासचं लाडाचं रूप नाही, सुहासिनीचंही नाही. फोनवरचा माणूस ‘सुहास’ लिहून घेतो, मी ‘शेवटी स नाही’ म्हणते, आणि तो समजूतदारपणे ‘बरं, सुहासिनी’ म्हणतो. सुहैलचं स्त्रीलिंगही नाही. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य, रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. त्याची मूळ अरबी अक्षरं स-ह-ल, माझी स-ह-व. नावं दोन्ही ताऱ्यांचीच; पण सुहैल न शोधता दिसतो, आणि सुहा शोधूनही दिसेलच असं नाही.

सप्तर्षींच्या शेपटीत तीन तारे आहेत. त्यातला मधला वसिष्ठ. त्याला खेटून जो बारीक ठिपका दिसतो ती सुहा. दोघांमधलं अंतर पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी. वसिष्ठाची प्रत (तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितका तारा मंद) साधारण 2.2, सुहाची 4, म्हणजे शहराच्या उजेडात वसिष्ठ कसाबसा तरतो आणि सुहा बुडते. अरबांमध्ये तिच्यावरून नजर पारखायची जुनी रीत होती. त्यांच्यात एक म्हणही आहे: मी तिला सुहा दाखवतो आणि ती मला चंद्र दाखवते. बारीक गोष्ट दाखवावी आणि समोरच्याने ढळढळीत तेवढंच पाहावं, अशा वेळी वापरतात. ‘बरं, सुहासिनी’वाल्यांसाठी मी ती मनातल्या मनात वापरते.

एव्हाना तुम्ही ओळखलंच असेल. हीच अरुंधती. लग्नात नवरानवरीला दाखवतात ती.

ही ओळख मला कॉलेजात असताना लागली आणि मी तिचा पुरेपूर वापर केला. ‘अरबी’ म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर एक क्षणभर काहीतरी हलतं; वाईट नसतं ते, पण हलतं. तिथे मी लगेच अरुंधती पुढे करायची. चेहरा परत जागेवर यायचा. ‘अय्या, म्हणजे आपलंच की!’ त्यावर मी अल् बिरूनी या जुन्या मुस्लिम विद्वानाचं नावही फेकायची, कारण ते खरंच आहे: भारतावरच्या आपल्या ग्रंथात, 1030 च्या सुमारास, सप्तर्षींबद्दल सांगताना तो म्हणतो की या ऋषींबरोबर एक साध्वी आहे, आणि तिच्यासाठी शब्द वापरतो अल्-सुहा. हजार वर्षांपूर्वीचा पुरावा. कोण काय बोलणार?

त्या वयाच्या माझ्याशी माझं अजून भांडण आहे. गोष्ट खोटी नाही, पण ती सांगायची घाई कसली होती? फरीदा नावाच्या मुलीला कोणी विचारत नाही की तुझं नाव आमच्याकडे काय म्हणून ओळखलं जातं. माझ्या नावाला अरुंधतीचं शिफारसपत्र का लागावं? ती कॉलेजातली मी म्हणेल, अगं, त्यामुळे लोक जवळ यायचे, त्यात बिघडलं काय? यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. गेल्याच महिन्यात मी पुन्हा अरुंधती पुढे केली, आणि समोरच्या बाई खूश झाल्या.

आणि दर वेळी एक गोष्ट गाळली. आता ती.

लहानपणी आम्ही पाच-सहा मुली एका आपांकडे कुराण वाचायला जायचो. सूरह माऊन, म्हणजे कुराणातला एक अध्याय, छोटी आहे, सात आयतींची (ओळींची), लवकर पाठ होते. तिच्या पाचव्या आयतीत ‘साहून’ असा शब्द येतो: आपल्या नमाजकडे दुर्लक्ष करणारे. आपा सहसा अर्थात शिरायच्या नाहीत, उच्चारावर त्यांचा सगळा जोर. त्या दिवशी मात्र शिरल्या. सहव म्हणजे विसरणं, गाफील असणं, असं सांगता सांगता थांबल्या. त्यांचं बोट आयतीवरच होतं, चष्म्यावरून नजर माझ्याकडे. ‘तुझं नावही यातलंच की गं. सुहा. विसरलेली. कोणी ठेवलं?’

आवाजात दुष्टावा नव्हता, हे आज कळतं. उलट काळजी होती. नावाचा असर माणसावर होतो असं त्या मानायच्या. पण मुली हसल्या. नमाजात काही राहून गेलं की शेवटी जो जास्तीचा सजदा करतात, म्हणजे जमिनीला कपाळ टेकतात, त्याला सजदा-ए-सहव म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव ‘सजदा’ पडलं. चप्पल शोधत असले तरी ‘सजदा विसरली’. बरेच दिवस चाललं.

मी घरी येऊन अब्बांना एकच विचारलं, मला कोण विसरलं होतं? नाव त्यांनीच ठेवलेलं. त्यांना फारसी शेरांचा नाद होता, तिथे सूर्यापुढे सुहाला उभं करायची जुनी रीत आहे, तिथूनच आलेलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. रात्री मला गच्चीवर घेऊन गेले. उन्हाळा होता, सप्तर्षी चांगले वर आलेले. मागे उभं राहून त्यांनी माझा हात धरला, माझंच बोट शेपटीतल्या मधल्या ताऱ्यावर नेलं. ‘हा मोठा. आता त्याच्या अगदी लगत. दिसली?’

नाही दिसली.

‘डोळे बारीक कर.’ केले. ‘थेट बघू नकोस, जरा बाजूला बघ.’ बघितलं. मधला ताराच मला एक पुसट फुलोरा दिसत होता, त्याच्या लगतचं काय दिसणार? मी म्हटलं, तिथे काहीच नाहीये. त्यांनी परत हात धरला. मी परत म्हटलं, नाहीये. आता माझा आवाज चढला होता. त्यांना वाटलं, मी दिवसभराचा राग काढतेय, दिसत असून नाही म्हणतेय. त्यांनी हात सोडला. ‘बरं, नसेल’ म्हणाले आणि आधी खाली उतरले. माझ्याशिवाय ते कधीच आधी उतरायचे नाहीत.

शाळेतल्या तपासणीत मला चष्मा लागला तो पुढे कित्येक महिन्यांनी. दोन्ही डोळे अधू. नजर पारखायच्या ताऱ्याचं नाव असलेली मुलगी त्याच पारखणीत नापास झाली होती, इतकं साधं होतं ते. पण तो चष्मा आणि ती गच्ची आमच्या घरात कोणी कधी जोडली नाही. मीही नाही.

चष्म्यातून सुहा पाहिली तेव्हा काही विशेष वाटलं नाही, हेही सांगून टाकते. एवढासा ठिपका. नंतर 2009 साली खगोलशास्त्रज्ञांना कळलं की तिच्याजवळ आणखी एक मंद, लालसर बटुतारा आहे. ते वाचून मात्र बरं वाटलं, का ते विचारू नका.

राहिला प्रश्न ‘ऐकलं कसं नाही’चा. हे नाव कुराणात नाही, पैगंबरांच्या घरातल्या स्त्रियांपैकी कोणाचं नाही. आयेशा, फातिमा, खदीजा, मरियम घरोघर असण्याचं जे कारण आहे तेच इथे नाही. अरब देशांत ते अनोळखी नाही. इजिप्तमध्ये ‘सोहा’कडे झुकतं. यासर अराफत यांच्या पत्नी सुहा पॅलेस्टाईनमधल्या ख्रिश्चन कुटुंबात जन्मल्या, म्हणजे नावाला एका धर्माचा शिक्काही नाही. (बघा, पुन्हा शिफारसपत्र.) तुर्कस्तानात तर हे मुलाचं नाव आहे. तेव्हा ‘पुरुषाचं वाटतं’ म्हणणाऱ्यांचं अगदीच चुकतं असं नाही. आपल्याकडे लोकांना माहीत आहे ती अभिनेत्री सोहा अली खान. तिच्यामुळे निदान ‘कसलं विचित्र नाव’ असं म्हणणं कमी झालं.

नावांच्या याद्यांमध्ये सुहापुढे ‘तारा’ एवढंच लिहितात. बरोबर आहे, अर्धं. अरबी कोशात मात्र ती सहवच्या घरातच सापडते, आणि मंद असल्यामुळे नजरेतून सुटलेली, राहून गेलेली असा तिचा अर्थ लावला जातो. ‘विसरलेली’ आणि ‘नजरेतून सुटलेली’ यांत फरक आहे असं मी कित्येक वर्षं स्वतःला पटवलंय. विसरण्यात विसरणाऱ्याचा दोष असतो, सुटण्यात फक्त अंधार कमी पडतो. कधी पटतं. आजारी असताना कोणाचा फोन आला नाही की अजिबात पटत नाही.

तर ठेवायचं का? मला नाव बदलायची संधी होती, लग्नानंतर आणि एरवीही, आणि मी बदललं नाही. याचा अर्थ ते आवडतं असा घ्या हवा तर. तुम्हाला हो म्हणायला मी तयार नाही, नको म्हटलं तर अब्बांचा अपमान होईल. ठेवलंतच, तर पूर्ण अर्थ तिला तुम्हीच सांगा, दुसऱ्या कोणी सांगायच्या आत. आणि ‘हा’ला काना द्या, कागदावर ‘सुह’ असंही लिहितात लोक.