दांडगाई करणाऱ्या ड्रायव्हरविरुद्ध साक्ष

रजेवर लातूरला आले आहे. घरी येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो, "कोर्टात उभी राहिलीस म्हणे?" आईने ही बातमी गल्लीभर केली आहे. तिच्या सांगण्यात अभिमान आहे आणि त्याहून जास्त काळजी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं. त्यात मुलूख परका, आणि भांडणही माझं स्वतःचं नाही. "तू पोटापाण्याला गेलेली, कशाला मधे पडतीस?" हा आईचा प्रश्न अजून संपलेला नाही. म्हणून काय घडलं ते एकदा नीट लिहिते.

मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. रात्रपाळी संपवून सकाळी घरी निघाले होते. रस्ता दोन पदरी, वेगमर्यादा ताशी तीस मैल. माझ्या पुढे एक वयस्कर गृहस्थ सायकलवर होते, अंगात पिवळं चमकणारं जाकीट. समोरून गाड्या येत होत्या, म्हणून मी त्यांच्या मागे सावकाश चालले होते. तेवढ्यात मागून एक गाडी आली. दिव्यांची उघडझाप, मग हॉर्न. आपल्याकडे हॉर्न वाजला तर कोणी मान वळवत नाही, तिकडे मात्र हॉर्न म्हणजे जवळजवळ शिवीच. समोरचा रस्ता जरा मोकळा होताच त्याने मला ओलांडलं आणि सायकलला खेटून गाडी पुढे काढली. त्या गृहस्थांनी दचकून हात वर केला. त्यावर त्याने काय करावं? त्यांच्या पुढे जाऊन मुद्दाम करकचून ब्रेक दाबला. सायकल गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली आणि ते फूटपाथच्या कडेला पडले. त्याने काच खाली केली, ओरडला आणि निघून गेला.

माझ्या खिशात पेन होतं. नर्सला हातावर लिहायची सवय असते, कोणाचा बीपी, कोणाची शुगर. मी गाडीचा नंबर डाव्या तळहातावर लिहिला आणि खाली उतरले. त्यांच्या कोपराचं कातडं सोललं होतं, हेल्मेटला तडा गेला होता. हाड मोडलं नव्हतं, पण हात इतके थरथरत होते की त्यांना हेल्मेटचा पट्टा सोडवता येईना. मी तो सोडवला, ९९९ ला फोन केला आणि पोलीस येईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले. हातावरचा नंबर घामाने पुसायच्या आत त्याचा फोटो काढून ठेवला. पुढे कोर्टात हा फोटो फार उपयोगी पडला.

तिकडे नंबर हाती लागला की गाडीच्या मालकाला नोटीस जाते आणि त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते त्याला २८ दिवसांत कळवावं लागतं. न कळवणं हा वेगळा गुन्हा आहे. या माणसाने गाडी आपणच चालवत होतो हे मान्य केलं. पण सायकलवाला स्वतःच आडवा आला, आपण बिनधोक अंतर ठेवलं होतं, असं त्याचं म्हणणं. सायकलवर कॅमेरा नव्हता, माझ्या गाडीतही नव्हता. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध. तिसरी मी.

पोलिसांनी माझा जबाब लिहून घेतला, मला वाचायला दिला, मी दोन ठिकाणी शब्द बदलायला लावले आणि मग सही केली. जबाबाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की यात जाणूनबुजून खोटं सांगितलं तर माझ्यावर खटला होऊ शकतो. जबाब माझा, शब्द माझे आणि जबाबदारीही माझी. ही गोष्ट लक्षात ठेवा, मामांच्या हकिगतीत ती पुन्हा येणार आहे.

तारखा तिकडेही पडतात. आधीची तारीख पुढे ढकलली गेली, घटनेनंतर वर्ष उलटून गेलं. फरक इतकाच की तारीख बदलल्याचं मला आधी फोनवर कळलं, मला रजा मोडावी लागली नाही. साक्षीदारांची विचारपूस करायला पोलिसांचा एक वेगळा विभाग असतो. कोर्टात सोबतीला विटनेस सर्व्हिसचे स्वयंसेवक असतात. त्यांनी मला खटल्याच्या आधीच कोर्टाची खोली दाखवायची तयारी दाखवली होती. दुभाषी हवा का, तेही विचारलं. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेला पगार ठरावीक मर्यादेपर्यंत मागता येतो, त्याचा फॉर्म तिथेच हातात दिला.

त्या दिवशी मला एका वेगळ्या खोलीत बसवलं. आरोपी आणि त्याची माणसं दुसरीकडे. दोघांचा समोरासमोर संबंध येऊ नये म्हणून ही व्यवस्था. स्वयंसेवक बाईंनी चहा दिला, माझाच जबाब पुन्हा वाचायला दिला आणि एकच सांगितलं: जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. सरकारी वकील येऊन नाव सांगून गेले, पण काय बोलायचं याविषयी अवाक्षर काढलं नाही. तिकडे वकिलाला साक्षीदाराला पढवता येत नाही.

आत तीन मॅजिस्ट्रेट बसले होते. ना टोप, ना झगा. हे लोक कायद्याची पदवी घेतलेले असावेच लागतात असं नाही. ते गावातलेच नागरिक असतात आणि बिनपगारी काम करतात. ही परंपरा १३६१ सालच्या कायद्यापासून चालत आली आहे. त्यांना कायदा समजावून द्यायला एक सल्लागार त्यांच्या पुढे बसतो.

शपथेसाठी कोणता ग्रंथ, असं अशरने, म्हणजे कोर्टातल्या मदतनीस बाईने, विचारलं. मी गीता म्हटलं आणि तिने कपाटातून कापडात गुंडाळलेली गीता काढून दिली. मी बूट काढू का, असं विचारलं. ती म्हणाली, तुमची इच्छा. मी काढले. आपल्याकडे गीतेवर हात ठेवून शपथ फक्त सिनेमात होते. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे आपल्या कोर्टात ग्रंथ लागत नाही, ईश्वरसाक्ष किंवा प्रतिज्ञेवर सांगावं लागतं. पण त्या परक्या खोलीत गीता हातात आली आणि माझा आवाज स्थिर झाला. ते बळ मला कुठून आलं, ते मला पक्कं ठाऊक आहे.

सरकारी वकिलांचे प्रश्न सोपे होते. खरी कसोटी आरोपीच्या वकिलाची. माणूस अतिशय नम्र. आवाज न चढवता त्याने सुरुवात केली.

"तुम्ही रात्रभर जागून काम केलं होतंत?"

"हो."

"बारा तास?"

"हो."

"म्हणजे थकला होतात."

"थकले होते. त्याच रात्री मी औषधांचे डोस मोजून दिले होते. थकलेलं असताना नीट बघणं हेच माझं काम आहे."

मग अंतराचा प्रश्न. मी मागे होते, तर गाडी आणि सायकल यांच्यात किती जागा होती हे मला मागून कसं कळलं? मी म्हटलं, मी फूटपट्टी लावली नव्हती. पण गाडीचा डावा आरसा त्यांच्या उजव्या कोपराजवळून गेला तेव्हा त्यांनी कोपर पोटाशी ओढून घेतलं, हे मी पाहिलं. मधे माणूस उभा राहील इतकी जागा नव्हती. २९ जानेवारी २०२२ पासून तिकडच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, स्पष्ट लिहिलं आहे की तीस मैलांपर्यंतच्या वेगाने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावं. दीड मीटर म्हणजे जवळजवळ पाच फूट. इथे एक फूटही नसेल.

गाडीचा वेग किती होता? "मला सांगता येणार नाही." तो थांबला. मी आणखी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी बोलले नाही. मॅजिस्ट्रेटपैकी एका बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. नंतर नंबर चुकीचा वाचला असेल का, हा प्रश्न आला तेव्हा सरकारी वकिलांनी हातावरचा फोटो पुढे केला. फोटोवर वेळ होती. तो प्रश्न तिथेच संपला.

निकाल दोन दिवसांनी फोनवर कळला. धोकादायक वाहन चालवल्याचा मूळ आरोप सिद्ध झाला नाही. तो झाला असता तर किमान वर्षभर लायसन्स गेलं असतं. त्याऐवजी निष्काळजीपणाचा गुन्हा धरला. लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट, म्हणजे चुकीचे गुण, आणि दंड. तीन वर्षांत बारा पॉइंट झाले की गाडी चालवायला सहसा बंदी येते, म्हणजे तो आता अर्ध्या वाटेवर आहे. मला हा निकाल कमी वाटला. मुद्दाम ब्रेक दाबून म्हाताऱ्या माणसाला पाडणं याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही, ती दांडगाई होती. पण त्या गृहस्थांनी निरोप पाठवला की कोणीतरी आपलं खरं मानलं, एवढं त्यांना पुरे आहे.

हे सगळं मी परवा मामांना सांगत होते. औसा रोडच्या एका फाट्यावर मामांचं चहाचं हॉटेल आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांसमोर एका काळीपिवळीने वळणावर ओव्हरटेक करताना मोटरसायकलला उडवलं. पोरगं आडतीवरून सोयाबीनची पट्टी घेऊन गावाकडे निघालं होतं. जागेवर गेलं. मामा पंचनाम्याला पंच आणि खटल्यात साक्षीदारही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तुला कोणी भेटायला आलं न्हाई? त्याच्या घरचं, गावचं?"

"नाही मामा. तो कुठे बसलाय तेही मला दिसत नव्हतं."

"अन् मपल्याकडं? एकाच वऱ्हांड्यात आम्ही अन् ते. पाणी बी एकाच माठाचं. दिवस मोडून जायाचं, हॉटेल बंद ठेवायचं, अन् दुपारी कळायचं की साहेब रजेवर हायेत. पुढची तारीख. रात्री तेच लोक हॉटेलात चहाला. मामा, मामा करीत."

शेवटी मामांनी कोर्टात सांगितलं की आपल्याला नीट दिसलं नाही. फितूर साक्षीदार. पोलिसांनी लिहिलेला जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यातले निम्मे शब्द आपले नव्हतेच, असं ते म्हणतात. आपल्या कायद्यात पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. त्यामागचं कारण चांगलं आहे: पोलिसांनी दमदाटी करून काही लिहून घेतलं तर माणूस त्यात अडकू नये. पण लिहिलेलं वाचून, दुरुस्त करून मग सही करण्याने जो आधार मला मिळाला, तो मामांना कधी मिळाला नाही.

मामा भित्रे नाहीत. ज्या माणसाने रस्त्यावर पडलेल्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं, तो भित्रा नसतो. त्यांच्यावर खटल्याचं जेवढं ओझं टाकलं, त्याच्या दहाव्या हिश्श्याचंही माझ्यावर नव्हतं. तिकडची माणसं फार धीट आणि आपली घाबरट, असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

कायदा आपल्याकडेही बदलला आहे, आणि तो मराठवाड्यातल्या फाट्याफाट्यावर माहीत व्हायला हवा. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. २०२० मध्ये नियम आले. मदत करणाऱ्याला पोलीस नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत, दवाखाना अडवून ठेवू शकत नाही. तुम्ही स्वतःहून साक्षीदार व्हायला तयार असाल तर पोलिसांनी तुमची चौकशी एकदाच, तुमच्या सोयीच्या ठिकाणी करायची. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेलाही सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आहे, धमकी आली तर अर्ज करता येतो. साक्षीदाराचा खर्च देण्याची तरतूद फौजदारी कायद्यात आधीपासून आहे. आणि फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला तरी मोटार अपघात न्यायाधिकरणापुढचा नुकसानभरपाईचा दावा वेगळा चालतो, तिथे पुराव्याची कसोटी वेगळी असते. हे त्या पोराच्या आईबापांना वेळेवर कोणी सांगितलं असतं, तर किती बरं झालं असतं.

२०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, हा सरकारचाच आकडा आहे. ऊस हंगामात औसा, निलंगा, कळंबच्या रस्त्यांवर रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, वळणावर ओव्हरटेक चालूच असतं. त्यातलं बहुतेक कोणी ना कोणी पाहिलेलं असतं. हॉटेलवाला, पंक्चरवाला, रानात खुरपणी करणाऱ्या बाया.

मी मामांना विचारलं, आता पुन्हा तसं घडलं तर जाल का कोर्टात? त्यांनी गल्ल्यावरचं फडकं उचललं, टेबल पुसलं, मग बोलले.

"बसायला येगळी जागा दे म्हणावं. अन् साहेब येणार नसले तर आदल्या दिवशी एक फोन कर म्हणावं. एवढं केलं तर जाईन की."