नाकावरची आडवी रेघ

माझ्या नाकावर, हाड संपून मऊ भाग सुरू होतो त्या जागी, तीन-चार वर्षांपासून एक काळसर आडवी रेघ होती. ती चष्म्याची खूण असावी असे बहुतेकांना वाटे. मी चष्मा लावतच नाही, हे सांगावे लागे. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी क्रीमवर किती पैसे घातले, ते न सांगितलेलेच बरे.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या गोधड्या काढल्या आणि शिंकांनी जीव नकोसा झाला, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. नाकाचे हाड वाढले असणार, असे शेजारच्या काकूंनी आधीच सांगून टाकले होते. डॉक्टरांनी मात्र दुर्बीण घालण्यापूर्वीच रेघेचे कारण ओळखले, कारण बोलता बोलता मी तळहाताने नाकाचा शेंडा दोनदा वर ढकलला होता. अ‍ॅलर्जीमुळे नाकाला खाज सुटते, हात आपोआप वर जातो आणि त्वचा वर्षानुवर्षे एकाच जागी दुमडत राहिल्याने तेथे रेघ उमटते. वर्तुळांचे मूळही आतच होते. नाकाचे अस्तर सुजले की डोळ्यांखालच्या शिरांमधले रक्त तुंबून राहते. हाड अगदी ठीक होते, सुजून फिकट निळसर झाले होते ते टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतल्या भिंतीवरचे अस्तराने झाकलेले उंचवटे.

त्वचेच्या चाचणीसाठी आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि तो आठवडा मी रुमालातच काढला. हातावर अ‍ॅलर्जी आणू शकणाऱ्या पदार्थांचे थेंब ठेवून टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे न खाजवता बसायचे होते. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांच्या थेंबाखाली टपोरी गांधी उठली.

स्टिरॉइडचा स्प्रे म्हटल्यावर मी दचकले, पण खरी चूक पुढे झाली. पहिले दहा दिवस मी मान मागे टाकून जोरात हुंगत होते, त्यामुळे औषध थेट घशात उतरत होते. मान किंचित पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरायचा आणि नळीचे टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला वळवायचे, हे दुसऱ्या भेटीत समजले. त्यानंतर दोन आठवड्यांनी नाक मोकळे झाले. चादरी आणि उशांचे अभ्रे आता दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुते. गोधड्या देऊन टाकल्या, फक्त आजीची एक ठेवली.

पाच महिन्यांत वर्तुळे बरीच फिकी झाली आहेत. रेघ तिरप्या उन्हात अजून दिसते, आणि सवयीने वर गेलेला हात मला अजूनही मध्येच थांबवावा लागतो.